शाळेने न मागितलेला कागद

पुणे जिल्ह्यातील पाबळसारख्या गावात मूल पहिलीत घालायचे म्हटले की जन्माचा दाखला, आधार कार्ड आणि सवलतीचा प्रश्न असेल तर जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला, एवढ्या कागदांची जुळवाजुळव घरात सुरू होते. मात्र त्या मुलाच्या आयुष्यात सर्वांत आधी तयार झालेला कागद, म्हणजे लसींच्या नोंदी असलेले माता व बाल संरक्षण कार्ड, या जुळवाजुळवीत सहसा नसतो. लसीकरण झाल्याशिवाय शाळेत प्रवेश नाही, असा कायदा भारतात देशपातळीवर नाही. उलट 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला प्राथमिक शिक्षणाचा हक्क दिला आहे आणि वयाचा पुरावा नाही एवढ्या कारणावरूनही प्रवेश नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे लसीच्या नोंदीअभावी दार बंद करणे त्या कायद्याच्या वृत्तीशीच विसंगत ठरते. अमेरिकेत याच्या नेमकी उलट वाट निवडली गेली. तेथे मॅसॅच्युसेट्स राज्याने 1855 मध्येच शाळकरी मुलांना देवीची लस सक्तीची केली आणि आज तेथील जवळपास प्रत्येक राज्यात शाळाप्रवेशासाठी ठराविक लसींचा पुरावा मागितला जातो, सवलतीचे नियम तेवढे राज्यागणिक बदलतात.

महाराष्ट्रात शाळा लस मागत नाही, लसच शाळेत चालत येते. हा फरक वरवर किरकोळ वाटला, तरी लसीचे वेळापत्रक कोणाच्या हातात असते, ते कोठे पाळले जाते आणि कोठे निसटते, हे सगळे त्यावरूनच ठरते.

वेळापत्रक म्हणजे कोणती लस, कोणत्या वयात, किती वेळा आणि दोन डोसांमध्ये किमान किती अंतराने द्यायची याचा ठरलेला आराखडा. भारतात 1978 मध्ये लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला आणि 1985 पासून तो सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम म्हणून देशभर पसरत गेला. त्यात नवी लस घ्यावी की नाही, याचा सल्ला 2001 मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गट देतो. हा गट रोगाचा भार, लसीची परिणामकारकता, सुरक्षितता, खर्च आणि ती गावोगाव थंड ठेवून पोहोचवण्याची शक्यता असे सर्व बाजूंनी पाहतो. निर्णय मात्र सरकारचा असतो. शिफारस, निर्णय आणि उपकेंद्रातील प्रत्यक्ष डोस यांच्यामध्ये अनेकदा वर्षे जातात.

या प्रवासातील एक टप्पा पाबळच्याच शिरूर तालुक्यात घडलेला आहे. तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे ग्रामीण केंद्र असून, 2002 पासून शिरूर आणि हवेली या दोन तालुक्यांतील 22 गावांतील जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नोंद ते सातत्याने ठेवत आले आहे. लहान बाळांना होणाऱ्या तीव्र जुलाबांमागे बहुधा रोटा नावाचा विषाणू असतो. त्यावरील भारतीय बनावटीच्या लसीची मोठी चाचणी 2011 मध्ये दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याचा हा ग्रामीण भाग अशा तीन ठिकाणी सुरू झाली आणि तिच्यात सुमारे 6,800 बाळे सहभागी झाली. पहिल्या वर्षातील तीव्र रोटा जुलाबांपैकी निम्म्याहून अधिक या लसीने टळतात, असा निष्कर्ष निघाल्यानंतर 2016 मध्ये काही राज्यांतून तिचा राष्ट्रीय कार्यक्रमात प्रवेश झाला आणि पुढे रोटाची लस देशभर गेली. आज देशात अनेक ठिकाणी सहाव्या आठवड्यात बाळाच्या तोंडात रोटाची मात्रा पडते, तिच्यामागे शिरूर-हवेलीतील आईवडिलांनी दिलेली संमतीही आहे. तालुक्यातल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक असेल.

जन्मतः क्षयरोगावरील बीसीजी, पोलिओचे थेंब आणि चोवीस तासांच्या आत ‘ब’ प्रकारच्या काविळीची लस. त्यानंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या जंतूमुळे होणारे न्यूमोनिया व मेंदूज्वर अशा पाच धोक्यांवरची एकत्रित लस, सोबत पोलिओ, रोटा आणि न्यूमोकोकल यांचे डोस. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा गोवर-रुबेला व घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरच्या त्रिगुणी लसीचा पहिला बूस्टर, असे या आराखड्याचे सुरुवातीचे अंग आहे. कागदावर सरळ दिसणारी ही रांग घरात आल्यावर वळणे घेते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने जन्माची नोंद आणि पहिले डोस बहुधा एका तालुक्यात होतात, तर बाळ तीन-चार महिन्यांचे होऊन आई सासरी परतली की पुढचे डोस दुसऱ्या गावच्या आरोग्यसेविकेच्या यादीत यावे लागतात. दोन्हीकडच्या यादीत नाव असणे किंवा दोन्हीकडच्या यादीतून नाव गळणे, हे दोन्ही प्रकार संभवतात. अशा वेळी आईच्या पिशवीतले कार्ड हाच एकमेव दुवा उरतो. 2023 च्या जानेवारीत 65 जिल्ह्यांत प्रायोगिक पातळीवर सुरू झालेली आणि पुढे देशभर नेलेली ‘यू-विन’ ही संगणकीय नोंद हाच सांधा जुळवण्यासाठी आहे.

‘लस मंगळवारीच का, आज का नाही,’ ही पालकांची तक्रार रास्त वाटते, पण तिचे उत्तर कुपीत आहे. बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसी कोरड्या भुकटीच्या रूपात येतात. द्रावण मिसळून कुपी तयार केली की ती चार तासांच्या आत वापरावी लागते आणि एका कुपीत अनेक बाळांचे डोस असतात. एका बाळासाठी कुपी फोडली तर उरलेली फेकावी लागते, म्हणून ठरलेल्या दिवशी आशाताई घरोघर निरोप देतात आणि बाळे एकत्र बोलावली जातात. तो दिवस नेमका बाजाराचा, कांदा काढणीचा किंवा कारखान्यातल्या पाळीचा निघाला की महिन्याचा खंड पडतो. खंड पडल्यावर ‘आता सगळे पहिल्यापासून करावे लागेल’ या भीतीने काही पालक परत जातच नाहीत, आणि ही भीती अनाठायी आहे: राहिलेला डोस जेथे थांबला तेथूनच पुढे द्यायचा असतो, क्रम पुन्हा सुरू करायचा नसतो.

खरी फट मात्र दोन वर्षांनंतर पडते. दुसरा गोवर-रुबेला झाला की कार्ड ट्रंकेत जाते, कारण त्यानंतरचा डोस, त्रिगुणीचा दुसरा बूस्टर, थेट पाच ते सहा वर्षांच्या वयात असतो. तीन-चार वर्षांत हातातले मूल अंगणवाडीतून पहिलीच्या तोंडाशी येते आणि ‘बाळाच्या लसी’ संपल्या असे घर धरून चालते. त्रिगुणी लस सात वर्षांपर्यंतच देता येते. त्यानंतर डांग्या खोकल्याचा भाग वगळलेली आणि घटसर्पाचा अंश कमी असलेली टीडी लस द्यावी लागते. मूल सहा वर्षे पूर्ण झाल्यावर पहिलीत येते हे लक्षात घेतले, तर राहिलेला बूस्टर पकडण्यासाठी शाळेच्या हातात जेमतेम एक वर्ष असते. घटसर्पाची प्रतिकारशक्ती वयाबरोबर ओसरते, म्हणून हा डोस ऐच्छिक मानण्यासारखा नाही. पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी असल्याने पाचवी आणि दहावीच्या वर्गांत आरोग्यसेविका लसपेटी घेऊन येतात. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत तपासणी करतात; हा कार्यक्रम 2013 मध्ये पालघर येथूनच देशासाठी सुरू झाला होता. पाबळच्या विज्ञान आश्रमाने, जो डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये स्थापन केला, शाळांसाठी आखलेल्या तंत्रशिक्षणात शेती आणि अभियांत्रिकीबरोबर ‘गृह व आरोग्य’ हाही एक विभाग ठेवला आहे. त्या विभागात आपलेच जुने कार्ड वाचून राहिलेला डोस शोधण्याचा पाठ सहज बसू शकेल.

शिरूर आणि शेजारच्या दौंड तालुक्यात ही फट आणखी रुंदावते, कारण येथे कुटुंबे ये-जा करत असतात. रांजणगाव आणि सणसवाडीच्या कारखान्यांत परप्रांतातून कामगार येतात. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. भीमा आणि घोड नद्यांच्या काठच्या उसाच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोड कुटुंबे उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कोपीवर राहणाऱ्या बाळाचा नववा महिना हंगामात आला तर ते गावच्या यादीत ‘गैरहजर’ आणि येथील यादीत ‘नोंद नाही’ असे राहते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 12 ते 23 महिन्यांच्या बालकांपैकी सुमारे 73 टक्क्यांचेच मूलभूत लसीकरण पूर्ण झालेले आढळले. गोवराचा प्रसार थांबवायचा तर सुमारे 95 टक्के मुले संरक्षित असावी लागतात. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या परिसरातून गोवराची साथ पसरली, तेव्हा या दोन आकड्यांमधले अंतर आकड्यांपुरते राहिले नाही.

मग सक्ती का नको, असा प्रश्न येतोच. सक्ती येथे नवी नाही. मुंबई शहरासाठी 1877 मध्ये आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील ठराविक भागांसाठी 1880 मध्ये देवी टोचण्याच्या सक्तीचे कायदे झाले होते. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्याने जबरदस्तीच्या आरोग्यव्यवस्थेचा जो अनुभव घेतला, त्याचा शेवट प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाला. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या सर्व मुलांसाठी गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली तेव्हा शाळा हेच तिचे मुख्य ठिकाण होते. त्याच मोहिमेच्या संदर्भात दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये पालकांची स्पष्ट संमती आवश्यक ठरवली आणि मे 2022 मध्ये, कोविडच्या लसींच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालता येतात, असे म्हटले. प्रवेशाच्या दारात लसीवरून अडवले तर सर्वप्रथम अडेल ते उसाच्या फडातले मूल, ज्याच्या आईने लस नाकारलेली नसून तिच्यापर्यंत ती पोहोचलेलीच नसते. कार्ड मागावे, पण राहिलेला डोस देण्यासाठी. प्रवेश नाकारण्यासाठी नव्हे.

कार्ड नीट जपलेल्या मध्यमवर्गीय घरालाही ते एका ठिकाणी अपुरे पडते. पुण्याच्या माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातून कुटुंब अमेरिकेला गेले की तेथील शाळा मुलाचे नवव्या महिन्यातील गोवराचे इंजेक्शन धरत नाही. आईकडून मिळालेली गोवरविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारे रक्तातील घटक, बाळाच्या अंगात काही महिने टिकतात आणि ती असेपर्यंत लस पूर्ण रुजत नाही. भारतात गोवराने लवकर गाठण्याचा धोका मोठा असल्याने नववा महिना निवडला गेला, तर जेथे तो धोका कमी आहे तेथे बारा महिन्यांपर्यंत थांबून अधिक पक्की प्रतिकारशक्ती मिळवणे परवडते. शिवाय सरकारी गोवर-रुबेला लसीत गालगुंडावरचा भाग नाही आणि कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही. या दोन्ही गोष्टी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शिफारशीत असल्याने खासगी डॉक्टरांच्या फाईलमध्ये सापडतात आणि अमेरिकी शाळा त्या मागते. बीसीजी घेतलेल्या मुलाच्या हातावरची क्षयरोगाची त्वचाचाचणी कधी कधी सकारात्मक येते, हा आणखी एक घोळ. दोन्ही वेळापत्रके आपापल्या भूमीवर बरोबरच असतात.

आराखड्यातला शेवटचा डोस सोळाव्या वर्षीचा आहे, म्हणजे दहावीच्या आसपास, जेव्हा बरीच मुले शाळा सोडतात किंवा दुसऱ्या गावी महाविद्यालयात जातात आणि पाचवीसारखा भरलेला वर्ग लसपेटीसमोर उभा राहत नाही. या वेळी निसटलेली मुलगी पुन्हा वेळापत्रकाच्या हाती लागते ती बहुधा गरोदरपणी, जेव्हा उपकेंद्रात तिला टीडी टोचली जाते आणि नवीन कार्डाच्या पहिल्या पानावर, बाळाच्या बीसीजीच्या आधी, तिचे नाव लिहिले जाते.