पिस्तूल आणि त्याचा कागद

सकाळी साडेसात. लिलावगृहाचं पुढचं दार ग्राहकांचं, आम्ही मागच्या दाराने आत येतो. तिथे कोड टाकायचा, दोन कुलपं उघडायची, मग तिजोरीची खोली. ओहायोतल्या या लिलावगृहात दुर्मीळ पिस्तुलं तपासून सूचीतली त्यांची नोंद लिहिणं हे माझं काम. शिकलो कोल्हापुरात, पहिली नोकरी उद्यमनगरातल्या एका टूलरूममध्ये. तिथे कानस कशी धरायची आणि शतांश मिलिमीटर म्हणजे काय, हे हाताला कळलं. शस्त्रांचं आकर्षण मला तेव्हा नव्हतं आणि आजही फारसं नाही. धातूवर माणसाच्या हाताने केलेलं काम मात्र मला जीव लावून पाहावंसं वाटतं. अमेरिकेत या कारागिरीचा कस ज्या वस्तूंवर लागला, त्यांत नामांकित कारागिरांनी मोजक्या संख्येने घडवलेली सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं फार वर येतात.

पावणेआठला वही उघडतो. 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टखाली परवानाधारक व्यावसायिकाने आत आलेलं प्रत्येक शस्त्र पुढचा कामाचा दिवस संपायच्या आत नोंदवायचं असतं: कोणी बनवलं, मॉडेल, क्रमांक, कॅलिबर, कोणाकडून आणि कधी आलं. काल संध्याकाळी एका दिवंगत संग्राहकाचा संग्रह आला आहे, त्यामुळे आज वही लांबणार. क्रमांक मी वाचायचा, सहकाऱ्याने लिहायचा, मग त्याने वाचायचा आणि मी ताडायचा. त्याआधी प्रत्येक पिस्तुलाचं मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानेही चाचपायचं. हे दोघांनीही स्वतंत्रपणे करायचं. आधीच्याने पाहिलंय, हे इथे उत्तर होत नाही.

नऊपर्यंत टेबलावर वर्गवारी होते. एका बाजूला कारखान्याच्या मर्यादित आवृत्त्या. अमेरिकेत ल्यू हॉर्टन, टालो यांच्यासारखे वितरक कोल्टसारख्या कंपन्यांकडून ठरावीक संख्येत खास पिस्तुलं बनवून घेत आले आहेत. वेगळं पॉलिश, वेगळी मूठ, स्लाइडवर कोरीव मजकूर, सोबत मखमली पेटी. या पिस्तुलांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. संख्या आधीच ठरवून छापलेली दुर्मीळता ही विक्रीची योजना असते. अशी पिस्तुलं लोक पेटीतून बाहेरही काढत नाहीत, त्यामुळे चाळीस वर्षांनीसुद्धा ती कोरीच्या कोरी मिळतात आणि दुर्मीळ राहत नाहीत. त्यांची नोंद चार ओळींत संपते.

खरी दुर्मीळता बहुतेक वेळा कोणाच्या मनात नसताना घडते. सिंगरचंच पाहा. आपल्याकडे घरोघरी ज्या कंपनीचं शिवणयंत्र होतं, तीच ही सिंगर. 1940 मध्ये अमेरिकी सैन्याने तिला 500 पिस्तुलांची शैक्षणिक ऑर्डर दिली. मॉडेल 1911ए1, कॅलिबर .45. शिवणयंत्रं करणारा कारखाना वेळ पडली तर पिस्तूल करू शकेल का, एवढंच पाहायचं होतं. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ इथे सिंगरने ती 500 पिस्तुलं केली, आणि उत्तम केली. पुढे मात्र सैन्याने तिच्याकडे तोफांच्या नेमासाठी लागणाऱ्या गणनयंत्रांचं काम सोपवलं. पिस्तुलं तिथेच थांबली. ती युद्धात वापरली गेली, झिजली, हरवली. 2017 मध्ये त्यातल्या एकाला लिलावात चार लाख डॉलरहून जास्त किंमत आली. साहजिकच खोटी सिंगर पिस्तुलंही तयार होतात. आज सकाळच्या ईमेलमध्ये अशा एकाचे फोटो आले आहेत. खऱ्या सिंगरचे क्रमांक S800001 ते S800500. फोटोतला क्रमांक त्यात बसत नाही आणि स्लाइडवरच्या अक्षरांच्या कडा चाळीसच्या दशकातल्या पिस्तुलासाठी फारच धारदार आहेत. नम्र शब्दांत नकार कळवतो.

दहा वाजता दिवसाचं मुख्य काम हातात येतं. कोल्ट गव्हर्न्मेंट मॉडेल, सीरीज 70, पण कारखान्यातून निघालं तसं मुळीच नाही. ट्रिगर गार्डचा पुढचा गोलवा चौकोनी केलेला. सेफ्टीचा खटका दोन्ही बाजूंना. मागची साइट स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरवरची, स्लाइडमध्ये खाच पाडून बसवलेली. ही सगळी लक्षणं कॅलिफोर्नियातल्या गार्डेनाच्या कारागीर आर्मंड स्वेन्सनची.

हे बदल करायची गरज का पडली, ते वाचकाला माहीत हवं. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावर बनलेलं या पिस्तुलाचं मूळ मॉडेल अमेरिकी सैन्याने 29 मार्च 1911 रोजी स्वीकारलं. त्याआधीच्या चाचणीत त्यातून 6000 गोळ्या झाडल्या आणि ते एकदाही अडकलं नाही. यंत्र म्हणून ते पक्कं होतं, पण साइट बारीक, सेफ्टीचा खटका अरुंद, मुठीची पुढची पट्टी गुळगुळीत. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस जेफ कूपरने कॅलिफोर्नियात बिग बेअर इथे झटपट नेमबाजीच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली, तेव्हा हे उणेपण उघडं पडलं. घड्याळ चालू असताना अंगठ्याला खटका सापडायला हवा, डोळ्याला साइट दिसायला हवी. कारखाना बदलायला तयार नव्हता, म्हणून नेमबाज कारागिरांच्या दारात गेले. 1976 मध्ये मिसूरीतल्या कोलंबियात अशा नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तोवर या कारागिरांची नावं नेमबाजांच्या तोंडी झाली होती. त्यांत स्वेन्सनचं नाव फार मानाचं.

पिस्तूल उघडतो. स्लाइड, नळी, स्प्रिंग, बुशिंग निळ्या कापडावर क्रमाने ठेवतो. स्लाइड आणि फ्रेम पुन्हा एकत्र लावून अंगठ्याने आडवी हलवून पाहतो. कारखान्याच्या पिस्तुलात इथे थोडा सैलपणा असतो, वाळू-चिखलातही ते चालावं म्हणून. या पिस्तुलात तो जवळजवळ नाही, तरीही स्लाइड स्वतःच्या वजनाने सरकते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासून, तपासून, पुन्हा घासून बसवल्याशिवाय हे साधत नाही. मग भिंग लावतो. मुठीच्या पुढच्या पट्टीवर कानसेने चौकटी पाडल्या आहेत. रेषा वळणावरून जाताना अंतर सोडत नाहीत, आणि गार्डखाली जिथे जागा संपते तिथे शेवटची रेष अर्धवट न राहता नेमकी कडेला भिडते. एका कोपऱ्यात मात्र कानस किंचित जास्त फिरली आहे. यंत्राने केलेल्या कामात अशी खूण सापडत नाही. मला ती पाहून बरं वाटतं.

पण काम उत्तम आहे म्हणून ते स्वेन्सनचंच, असं मला लिहिता येत नाही. ही शैली लोकप्रिय झाली तशी अनेकांनी उचलली, त्यांतले काही हातही चांगले होते. नावाचा ठसा उमटवायला एक पंच पुरतो. कोल्टकडे पत्र लिहिलं तर जुन्या नोंदी शोधून पिस्तूल कोणत्या तारखेला, कोणत्या रूपात, कोणाकडे रवाना झालं ते ती कंपनी शुल्क घेऊन कळवते. हे पत्र मोलाचं असतं, मात्र कारखान्याच्या दारापर्यंतच. दाराबाहेर कारागिराने काय केलं, हे कोल्टला ठाऊक नसतं.

बारा वाजत आले असताना पेटीतला फोम उचलतो. खाली चौघडी केलेला कागद. कामाचं बिल, पेनने भरलेलं: ट्रिगर गार्ड, सेफ्टी, साइट, चौकटी, प्रत्येकाचा वेगळा आकार, आणि वर पिस्तुलाचा क्रमांक. 70G पासून सुरू होणारा तो क्रमांक अक्षर-अक्षर ताडतो. जुळतो. सोबतच्या पाकिटावर पोस्टाचा शिक्काही आहे. कागद नसता तर मी ‘स्वेन्सन शैलीतील’ असं लिहिलं असतं. आता ‘आर्मंड स्वेन्सन’ असं लिहितो. सूचीतल्या या एका शब्दाच्या फरकावर बोली कुठच्या कुठे जाते.

जेवण अर्ध्या तासात. डबा, चहा, भारतातून आलेला एका मित्राचा निरोप: असा संग्रह आपल्याकडे करता येईल का? नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर भारतात सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका-पिस्तुलं बाळगता येतात. या छंदाची मुळं अमेरिकेच्या कायद्यात आणि तिथल्या नेमबाजीच्या मैदानांत आहेत, तो तिथलाच.

दीड वाजता एएसपी. हे पिस्तूल हातात घेताना आजही छाती थोडी धडधडते. न्यूयॉर्कच्या पॅरिस थिओडोरने सत्तरच्या दशकात स्मिथ अँड वेसन मॉडेल 39 घेतलं आणि कपड्यात अडकेल असा प्रत्येक कोपरा काढून टाकला. मुठीच्या बाजू पारदर्शक, आतल्या गोळ्या दिसाव्यात म्हणून. पुढची साइट नाहीच. स्लाइडवर मागच्या बाजूला एक छोटी निमुळती नाली, आतून पिवळी रंगवलेली. डोळ्यांसमोर धरलं की तिन्ही बाजूंचा पिवळा रंग सारखा दिसतो, म्हणजे नेम सरळ. इतकं साधं उत्तर इतक्या विचारातून आलेलं फार क्वचित पाहायला मिळतं. जॉन गार्डनरने पुढे हेच पिस्तूल आपल्या कादंबऱ्यांतल्या जेम्स बाँडच्या हाती दिलं, आणि नकला करणाऱ्यांना ऊत आला. म्हणून याची तपासणी सिंगरइतकीच कडक.

त्यानंतर नवी पिस्तुलं. बिल विल्सन आर्कान्सातल्या बेरीव्हिल गावचा, घरच्या घड्याळांच्या दुकानात हात तयार झालेला. 1977 मध्ये त्याच दुकानाच्या मागच्या भागात त्याने पिस्तुलांचं काम सुरू केलं. त्याच गावच्या नाइटहॉक कस्टममध्ये एक पिस्तूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कारागीर जुळवतो आणि मुठीच्या पट्टीखाली आपली आद्याक्षरं कोरतो. पुढे माझ्या जागी बसणाऱ्यावर या कारागिरांचे उपकार आहेत. कॅबट गन्सने 2016 मध्ये नामिबियात सापडलेल्या गिबिऑन उल्केच्या धातूतून पिस्तुलांची जोडी घडवली. उल्केच्या लोखंडातली ती आडवी-तिडवी स्फटिकांची नक्षी अप्रतिम आहे, पण अशी जोडी मी नेमबाजाच्या संग्रहात धरणार नाही, दागिन्यांत धरेन.

तीन वाजता फोटो. छायाचित्रकार बाईंचा नियम मोडायचा नाही: हातमोजे, तेलाचा हलका हात, मग दिवे. घामातल्या मिठाने निळं पोलाद रात्रीतून गंज धरतं.

चार वाजता फोन. संग्राहकाच्या पत्नी. स्वेन्सनचं बिल सापडल्याचं सांगतो, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, फोमखाली काही असेल हे त्यांना माहीतच नव्हतं. पेटी जुनाट दिसते म्हणून त्या ती टाकून देणार होत्या. पूर्वी दुसऱ्या एका घरी असंच झालं होतं. पेट्या टाकल्या गेल्या, पिस्तुलं तेवढी आली. हातकाम डोळ्यांना दिसत होतं, हात कोणाचा ते सिद्ध करता आलं नाही, आणि त्या कुटुंबाला मिळायला हवं होतं त्याचा लहानसा हिस्साच मिळाला.

पाचला मागच्या लिलावातले दोन ग्राहक ताबा घ्यायला येतात. फॉर्म 4473, ओळखपत्र, पार्श्वभूमीची तपासणी. परराज्यातल्या खरेदीदाराचं पिस्तूल त्याच्या राज्यातल्या परवानाधारकाकडेच जातं. सीरीज 70 चं पिस्तूल आज पन्नाशी ओलांडलेलं असू शकतं. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या शस्त्रांसाठी संग्राहकांना वेगळा परवाना मिळतो, पण कारागिराने बदललेलं पिस्तूल मूळ रूपातलं उरत नाही, हे नव्या संग्राहकाला प्रत्येक वेळी समजावावं लागतं.

साडेसहाला तिजोरी बंद, सहकाऱ्याबरोबर क्रमांकांची पुन्हा एकदा ताडणी.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांपैकी कोणाकडे असं एखादं पिस्तूल असेल, वडिलांचं, शेजाऱ्याने दिलेलं, स्वतः घेतलेलं, तर एवढं करा. एका कार्डावर क्रमांक, कारागिराचं नाव आणि ते तुमच्याकडे कसं आलं ते लिहा, बिलं आणि पत्रं त्याला जोडा, आणि ते कार्ड कुठे आहे हे घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. पेटी टाकू नका.