संगणकाचा कूलर : गारवा आणि शांतता

कूलर म्हटला की आम्हां हैदराबादकरांच्या डोळ्यांपुढे खिडकीला टेकलेला, वाळ्याचा वास देणारा पत्र्याचा पेटारा उभा राहतो. संगणकातील कूलर हा त्याचा नामबंधू खरा. परंतु दोघांच्या स्वभावांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. खिडकीतला कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने खोलीतील हवेचे तापमान उतरवितो. संगणकातला तसे काही करीत नाही. प्रोसेसरमध्ये निर्माण झालेली उष्णता उचलून खोलीतील हवेच्या स्वाधीन करणे, एवढेच त्याचे कार्य. खोलीहून अधिक गारवा तो देऊ शकत नाही, मग त्याची किंमत काहीही असो.

हे ध्यानी घेतले म्हणजे निवडीचा निम्मा घोळ मिटतो. कामाच्या भरात प्रोसेसर भोवतालच्या हवेहून ४५ अंशांनी अधिक तापतो असे धरू. डिसेंबरात खोली २० अंशांवर असता तो ६५ वर थांबेल. मे महिन्यात खोली ३८ वर गेली की तोच ८३ वर पोचेल. पुष्कळसे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या सुमारास स्वसंरक्षणार्थ आपला वेग उतरवितात. संगणक जळत नाही, मंदावतो.

आता शांततेचा प्रश्न. मे महिन्यात खिडकीतील कूलरच्या घरघरीत संगणकाचा पंखा कोणाच्या कानी पडतो? त्याचा उपद्रव जाणवतो तो थंडीत, छताचा पंखा बंद असताना. शिकवणीवर्गांनी गजबजलेल्या आमच्या दिलसुखनगरात दोन खोल्यांच्या सदनिकेत रात्री अकराला नात संगणकावर अभ्यास करीत असते आणि तीन हातांवर आजोबांचा नुकता डोळा लागलेला असतो. तेव्हा एकाच वस्तूने उन्हाळ्यात उष्णता निस्तरावयाची आणि हिवाळ्यात मौन पाळावयाचे, अशी ही दुहेरी नोकरी आहे.

ती साधते मोठ्या आणि संथ पंख्याने. ८० मिलिमीटरच्या पंख्याहून १२० मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्रफळ सव्वादोन पट भरते. म्हणून तो सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि कानाला तो फरक फार मोठा वाटतो. पंख्यामागे पातळ पत्र्यांची चवड असते व तिच्यातून तांब्याच्या नळ्या गेलेल्या असतात. या बंद नळ्यांत थोडेसे द्रव असते. ते तप्त टोकाशी वाफ होते, पत्र्यांपाशी निवून पुन्हा द्रव होते आणि माघारी येते. माठातील पाणी ज्या युक्तीने निवते तिचीच ही धाकटी बहीण.

सिकंदराबादेत पार्क लेनच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये खरेदीस गेल्यास दुकानदार प्रथम रंगीबेरंगी दिव्यांचा कूलर पुढे करील. दिव्यांनी ना उष्णता हटते ना आवाज. आपण पेटीच्या आतील रुंदी मोजून न्यावी आणि कूलरची उंची विचारावी. डीपकूलचा एके४०० हा १५५ मिलिमीटर उंच असून ६५ वॉटच्या घरगुती प्रोसेसरला पुरून उरतो. नॉक्चुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा, २०१४ साली आलेला एनएच-डी१५ हा १६५ मिलिमीटर उंच व पंख्यांसह सव्वा किलोहून जड आहे. तो उत्तम खरा. पण ६५ वॉटसाठी तो घेणे म्हणजे माधुकरी मागावयास हत्तीवरून जाणे. पाणी खेळविणाऱ्या कूलरची मला घरासाठी ओढ वाटत नाही. त्याचा पंप काम नसतानाही गुणगुणत राहतो.

बसविताना उष्णतावाहक मलम वाटाण्याएवढेच घालावे. मग बायोसमध्ये जाऊन ६० अंशांपर्यंत पंखा मंदच राहील असे नेमून द्यावे. सतत चढउतार करणारा आवाज एकसुरी आवाजाहून अधिक छळतो. कित्येकदा नवा कूलर न घेता एवढ्यानेच भागते. पत्र्यांतील धूळ दिवाळीत व होळीनंतर मऊ ब्रशने काढावी, आणि खिडकीतल्या कूलरच्या ओलसर झोतासमोर संगणकाची पेटी कधीही ठेवू नये.