पाण्यातले शेजारी (लेखांक ६) : पकडून सोडलेला मासा

मागच्या आठवड्यात जाळेवाल्यांविषयी लिहिलं. त्यांचा प्रश्न पोटाचा होता. आज हौशी गळवाल्यांकडे वळू. जबलपूरच्या ओमतीत राहणाऱ्याला ते जवळपास दिसायचे नाहीत. ओमती नाल्यात मासा जगेल असं पाणी उरलेलं नाही आणि बावन्न तालांच्या या शहरातले कितीतरी ताल वस्तीखाली गेले. म्हणून सुटीच्या दिवशी काठी घेऊन निघालेला माणूस नर्मदा नाहीतर बरगीचा जलाशय गाठतो.

घाटावर पायरीवर बसून कुणी आजी पुण्य म्हणून कणकेच्या गोळ्या पाण्यात सोडत असतात. थोडं पुढे तीच कणीक गळाला लावून दुसरा कुणी बसलेला असतो. त्याला हटकलं तर उत्तर ठरलेलं : ‘आम्ही खातो कुठे? पकडतो आणि सोडून देतो.’

हा शौक इंग्रजांनी आणला, असं आपण धरून चालतो. पण कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद आहे, कोणत्या माशाला कोणतं आमिष, हेसुद्धा आहे. त्याच्या जवळजवळ चौदाशे वर्षं आधी अशोकाने पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथींना मासे मारायला आणि विकायलाही बंदी घातली होती. म्हणजे शौक जुना आणि त्याला हरकतही जुनीच.

माशाला दुखतं का? लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रेनबो ट्राउटच्या तोंडाभोवती इजा टिपणारे मज्जातंतू दाखवले. ओठांत आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत राहिले, बराच वेळ खाण्याकडे फिरकले नाहीत. मॉर्फीन दिल्यावर ही तगमग कमी झाली. जेम्स रोझ यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात, माशाला आपल्यासारखा मेंदूचा बाह्यस्तरच नाही, तेव्हा ही जाणीव नव्हे, नुसती प्रतिक्रिया. वाद मिटलेला नाही. पण संशयाचा फायदा द्यायचाच तर तो माशाला द्यावा, आपल्या करमणुकीला नव्हे.

आता ‘सोडून देतो’चं बघू. पाण्याबाहेर माशाच्या कल्ल्यांच्या नाजूक झालरी एकमेकींना चिकटतात आणि श्वास अडतो. १९९२ मध्ये कॅनडात फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी ट्राउट दमवून पाहिले. नुसते दमवलेले १२ टक्के मेले. वर ३० सेकंद हवेत धरलेले ३८ टक्के आणि एक मिनिट धरलेले ७२ टक्के. बारा तासांच्या आत! एक मिनिट म्हणजे मोबाइल काढून, मासा छातीशी धरून दोन फोटो. कावेरीतल्या महाशीरच्या अभ्यासात तो मासा बराच चिवट निघाला, हेही सांगायला हवं. पण म्हणून त्याची परीक्षा कशाला पाहायची?

स्वित्झर्लंडमध्ये सोडून द्यायच्याच इराद्याने मासा पकडायला मनाई आहे. ऐकायला उफराटं वाटतं, पण मला ते पटतं. खाणं हे कारण झालं, फोटो हे कारण नव्हे. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस वगळून कोणताही सजीव, तेव्हा मासा त्यात आलाच. गळवाल्याला त्यावरून कुणी अडवल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही.

नर्मदेत गोष्ट आणखी नाजूक आहे. इथला महाशीर, स्थानिक बोलीत बाडस, २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. त्याला वाहतं पाणी आणि खडीचा तळ लागतो. धरणांनी दोन्ही हिरावलं. त्याचा ऱ्हास गळाने झाला असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण आधीच विरळ झालेल्या माशाला हौसेपोटी दमवण्याचं समर्थन मला तरी सापडत नाही.

ज्यांना काठी सोडवतच नाही, त्यांनी निदान उलटा काटा नसलेला गळ वापरावा, हात ओले करून मासा पाण्यातच मोकळा करावा आणि फोटोचा मोह आवरावा. १६ जून ते १५ ऑगस्ट हा राज्यातला मासेमारीबंदीचा काळ. विणीच्या त्या दिवसांत काठी घरीच राहू द्या.

(पुढच्या आठवड्यात : बाजारातल्या टबातला जिवंत मासा)