शिरूर–दौंड : हवाई अंतर आणि रस्त्याचे अंतर

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड यांच्यातील हवाई अंतर सुमारे ४५ किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ते जेमतेम साडेतीन मिनिटांचे. पण दोन्हीकडे विमानतळच नाही, तेव्हा हा हिशेब कागदावरच शोभतो! घोडनदीकाठच्या शिरूरला रेल्वेही नाही. सोलापूर आणि मनमाडचे लोहमार्ग जेथे फुटतात त्या दौंड जंक्शनवर गाडी गाठायची, तर रस्ताच धरावा लागतो. न्हावरेमार्गे दक्षिणेस उतरून पारगावजवळ भीमा ओलांडायची आणि चौफुल्याला सोलापूर महामार्गावरून पूर्वेस वळायचे. काटकोनाच्या दोन्ही बाजू चालाव्या लागल्याने अंतर साठ किलोमीटरपलीकडे जाते. ताशी ४० किलोमीटरची सरासरी धरली, तरी दीड तास हाताशी हवा. पाटसच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्यास त्याहून अधिक.