मागच्या चाकांचे माप

बागेत किंवा लहान मळ्यात काम करणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरच्या इंजिनात निर्माण होणारी शक्ती शेवटी जमिनीपर्यंत पोहोचते ती मागच्या दोन चाकांमधून. म्हणूनच जुना ट्रॅक्टर चिखलात रुतू लागला, चढावर घसरू लागला किंवा अवजार ओढताना जागच्या जागी चाके फिरवू लागला, की मालकाच्या मनात प्रथम विचार येतो तो मोठी चाके बसवण्याचा. हा विचार चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे. चाक मोठे करणे याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे ते उंच करणे आणि दुसरा म्हणजे ते रुंद करणे. या दोहोंचे परिणाम भिन्न असतात. कोणता बदल कशासाठी हवा आहे हे न ठरवता केलेला खर्च वाया तर जातोच, पण त्याने जुन्या यंत्राचा आस मोडू शकतो आणि क्वचित चालकाच्या जिवावरही बेतू शकते.

लोखंडी धावेपासून रबरी टायरपर्यंत

चाकाची उंची आणि रुंदी यांचा हा प्रश्न आपल्याकडे ट्रॅक्टरच्या आधीपासून होता. बैलगाडीचे लाकडी चाक पुरुषभर नसले तरी छातीइतके उंच असे. उंच चाक दगडधोंड्यांवरून आणि खड्ड्यांतून सहज निघते, हा अनुभव गाडीवानाला होता. पण त्याची लोखंडी धाव अरुंद असल्याने ओल्या जमिनीत ती खोल चाकोरी पाडत असे. पुढे साखर कारखान्यांच्या परिसरात हवेच्या टायरची बैलगाडी रूढ झाली. तिची चाके उंचीने कितीतरी लहान होती. तरीही तीच बैलजोडी अधिक ऊस ओढू लागली. ओझे रुंद आणि लवचिक टायरवर पसरल्यामुळे चाक जमिनीत कमी रुतत होते.

ट्रॅक्टरच्या बाबतीतही हेच घडले. आरंभीच्या ट्रॅक्टरांना दातेरी लोखंडी चाके असत. अमेरिकेतील ॲलिस-चाल्मर्स कंपनीने १९३२ साली आपल्या ‘यू’ जातीच्या ट्रॅक्टरला फायरस्टोन कंपनीचे, कमी दाबाने हवा भरलेले टायर बसवले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत लोखंडी चाके मागे पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात घराभोवतीच्या बागेसाठी छोटे ट्रॅक्टर निघाले. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ‘कब कॅडेट’ १९६१ चा आणि जॉन डिअरचा ‘११०’ हा १९६३ चा. भारतात या आकाराच्या यंत्रांशी बंगळुरूचे नाव जोडलेले आहे. तेथील व्हीएसटी टिलर्स ट्रॅक्टर्स या १९६७ साली स्थापन झालेल्या कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने पॉवर टिलर आणि पुढे साडेअठरा अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर तयार केला. महाराष्ट्रातील द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांतही अशी यंत्रे दिसतात.

टायरवरील आकड्यांचा अर्थ

टायरच्या बाजूवर त्याचे माप कोरलेले असते. ते दोन पद्धतींनी लिहिले जाते. बागेच्या ट्रॅक्टरवर बहुधा २३×८.५०-१२ अशी तीन आकड्यांची पद्धत आढळते. पहिला आकडा टायरची एकूण उंची, दुसरा रुंदी आणि तिसरा रिमचा व्यास. सर्व मापे इंचांत. दुसऱ्या पद्धतीत ८.००-१८ असे दोनच आकडे असतात. त्यांतून रुंदी आणि रिमचा व्यास कळतो, एकूण उंची कळत नाही. ती प्रत्यक्ष मोजावी लागते.

येथे एक नेहमीचा गैरसमज दूर केला पाहिजे. २३×८.५०-१२ ऐवजी २३×१०.५०-१२ हा टायर बसवला, तर चाक २ इंचांनी रुंद होते, पण उंची तीच राहते. याउलट २६×१२.००-१२ बसवला, तर रुंदीबरोबर उंचीही ३ इंचांनी वाढते. तिन्ही टायरांच्या रिमचा व्यास १२ इंच असल्याने दुकानात ते ‘एकाच मापाचे’ वाटतात. पण यंत्रावर त्यांचा परिणाम अगदी वेगवेगळा होतो.

उंची वाढवल्याने काय होते

चाकाची उंची २३ इंचांवरून २६ इंच झाली, म्हणजे ती सुमारे १३ टक्क्यांनी वाढली. आसाच्या एका फेऱ्यात ट्रॅक्टर आता तितकेच अधिक अंतर जातो. ताशी ५ किलोमीटर वेग ज्या गिअरमध्ये मिळत असे, त्याच गिअरमध्ये तो ताशी ५.६५ किलोमीटर होतो. मात्र हा वेग फुकट मिळत नाही. इंजिनाकडून आसाला मिळणारा पीळ तोच असतो. जमिनीवर उमटणारी ओढ मात्र चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे घटते. इंजिनाची कमाल ओढ आधी २०० किलोग्रॅम असेल, तर ती आता १७७ किलोग्रॅमच्या आसपास येते. थोडक्यात, उंच चाक म्हणजे एका अर्थी वरचा गिअर होय.

यावर कोणी म्हणेल, की आमच्या ट्रॅक्टरचे इंजिन बंद पडत नाही, चाकेच घसरतात. मग ओढ घटली तर बिघडले कुठे? हा आक्षेप रास्त आहे. खालच्या गिअरमध्ये पुष्कळदा इंजिन दमण्याआधी चाक घसरते. पण अशा वेळीही, मोठ्या चाकाने तीच ओढ द्यायची तर आसावर १३ टक्के अधिक पीळ पडतो. पन्नास-साठ वर्षे झिजलेल्या दंतचक्रांना आणि चाव्यांना हा वाढीव ताण सोसेलच असे नाही. ब्रेकचेही तसेच आहे. ब्रेकने आसावर केलेली पकड तीच असली तरी उंच चाकावर ती त्याच प्रमाणात दुबळी ठरते.

उंचीचे लाभही आहेत. आस जमिनीपासून दीड इंच, म्हणजे ३.८ सेंटिमीटर वर उचलला जातो. मोठे चाक अडथळे सहज ओलांडते आणि मऊ मातीत कमी अडखळते. ज्याला उंच सरींवरून किंवा खडबडीत वाटेने जायचे आहे, त्याला हा लाभ मोलाचा वाटेल.

रुंदी आणि हवेचा दाब

रुंद टायर अधिक जागा व्यापतो म्हणून अधिक पकड देतो, असे सर्रास मानले जाते. ते अर्धसत्य आहे. टायर जमिनीला जेवढ्या क्षेत्रावर टेकतो, ते क्षेत्र मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : चाकावरील भार आणि आतील हवेचा दाब. एका चाकावर १५० किलोग्रॅम भार असून हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे १० पौंड असेल, तर टेकणारे क्षेत्र साधारण २१५ चौरस सेंटिमीटर होईल. टायर रुंद असो वा अरुंद, दाब तोच ठेवला तर हा आकडा फारसा बदलत नाही. फक्त टेकलेल्या जागेचा आकार बदलतो.

मग रुंद टायरचा उपयोग काय? तोच भार तो कमी दाबावर पेलू शकतो, हा त्याचा खरा गुण. दाब ०.५ वर आणला, की तेच क्षेत्र ३०० चौरस सेंटिमीटर होते. टायरच्या स्वतःच्या ताठरपणामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे येतात. तत्त्व मात्र हेच. म्हणून रुंद टायर घेऊन त्यात पूर्वीइतकीच हवा भरणाऱ्याने पैसे खर्चून लाभ मात्र घेतला नाही, असे म्हणावे लागेल. अर्थात दाब उत्पादकाने दिलेल्या मर्यादेखाली नेऊ नये. फार मऊ टायर रिमवरून सरकतो आणि ट्यूबची नळी उखडतो.

रुंदी सर्वत्र हितकारक असतेच असे नाही. वर पातळ चिखल आणि खाली घट्ट थर असेल, तर अरुंद चाक चिखल कापून घट्ट थराला टेकते, तर रुंद चाक वरच्यावर तरंगून घसरते. भाताच्या खाचरात लोखंडी केजव्हील लावतात.

मल्लेश्वरममधील एक उदाहरण

आता हे सारे एका ठिकाणी लागू करून पाहू. बंगळुरूच्या उत्तर भागातील मल्लेश्वरम ही वसाहत १८९८ च्या प्लेगनंतर योजनापूर्वक वसवली गेली. काडु मल्लेश्वर या ज्या देवळावरून तिला नाव मिळाले, त्याचा संबंध शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांच्याशी सांगितला जातो. मोकळी आवारे आणि फळझाडे ही या वसाहतीची जुनी ओळख. येथील एखाद्या घरी बारा इंची रिमचा जुना बागेचा ट्रॅक्टर आहे आणि तो आवारातील गवत कापणे, खताची लहान गाडी ओढणे व झाडांच्या ओळींत माती हलवणे या कामांना लावायचा आहे, अशी कल्पना करू.

येथील माती तांबडी. पाऊस वर्षाला साधारण साडेनऊशे ते हजार मिलिमीटर असून त्याचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अधिक असतो. तांबड्या मातीतून पाण्याचा निचरा लवकर होतो. वाळल्यावर मात्र ती कडक होते. मराठवाड्यातील किंवा विदर्भातील काळी माती याहून वेगळी. ती पाणी धरून ठेवते, चाकाला चिकटते आणि टायरच्या खोबणी बुजवून टाकते. म्हणून काळ्या मातीत उंच, तिरप्या पट्ट्यांचा टायर लागतो, तर मल्लेश्वरमच्या आवारात २३×१०.५०-१२ मापाचा, बेताच्या खोबणींचा टायर कमी दाबावर अधिक उपयोगी पडेल. उंची तीच राहिल्याने वेग, ब्रेक आणि गवत कापण्याच्या पात्याची पातळी यांत काही बदल होणार नाही. आणि कोणताही टायर असला, तरी वाफसा येण्यापूर्वी ओल्या जमिनीत ट्रॅक्टर घालू नये. ओली माती एकदा चाकाखाली दाबली गेली, की मुळांना हवा आणि पाणी मिळणे कठीण होते, आणि हे नुकसान लवकर भरून निघत नाही.

तिरप्या पट्ट्यांचा टायर बसवल्यास त्याची दिशा तपासावी. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिले असता पट्ट्यांचे टोक वरच्या बाजूस असले पाहिजे. उलटा बसवलेला टायर चिखल बाहेर फेकण्याऐवजी आत ओढतो.

रिम, बोल्ट आणि आस

रुंद टायरला रुंद रिम लागते. ८.५० च्या टायरला ७ इंच रुंदीची, तर १०.५० च्या टायरला साडेआठ इंच रुंदीची रिम सामान्यतः वापरतात. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला, तर त्याचा मधला भाग फुगतो आणि कडा जमिनीला नीट टेकत नाहीत.

अनेक जुन्या बागेच्या ट्रॅक्टरांच्या चाकाला पाच बोल्ट असून ते साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. काही मोटारगाड्यांचेही माप हेच आहे. मात्र एवढ्यावरून ती चाके परस्परांना बसतात असे समजू नये. मधल्या भोकाचे माप, नटाची बैठक आणि रिम आसाच्या पट्टीपासून किती आत-बाहेर आहे, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. यांतली शेवटची सर्वांत महत्त्वाची. चाक बाहेर सरकले, की यंत्र आडव्या उतारावर अधिक स्थिर होते; पण आसावर वाकवणारा ताण वाढतो आणि बेअरिंग लवकर झिजते. चाक आत राहिले, तर ते मडगार्डला किंवा चौकटीला घासते. दोन ओळींमधून जायचे असल्यास यंत्राची एकूण रुंदी आधी मोजावी.

ज्या छोट्या ट्रॅक्टरांची चारही चाके इंजिनाने फिरतात, त्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या परिघांचे प्रमाण कारखान्यात ठरलेले असते. फक्त मागची चाके उंच केली, तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात आणि त्यांच्यामधील दंतचक्रांवर घातक ताण येतो. अशा यंत्रात चारही चाके त्याच प्रमाणात बदलावीत किंवा मुळीच बदलू नयेत.

वजन हा स्वस्त उपाय

पकड अखेर चाकावरील भारावर अवलंबून असते. म्हणून नवे चाक घेण्यापूर्वी जुन्यालाच वजन द्यावे. यासाठी बिडाची वजने मिळतात. टायरच्या ट्यूबमध्ये पाणी भरण्याचीही रीत आहे. हवेची नळी सर्वांत वर ठेवून तिच्या पातळीपर्यंत पाणी भरले, की टायर सुमारे तीनचतुर्थांश भरतो. २३×१०.५०-१२ मध्ये अशा रीतीने एका चाकामागे सुमारे ३० किलोग्रॅमची भर पडते. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, आणि त्याची गळती झाली की रिम गंजते. बंगळुरूत पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नसल्याने साधे पाणी पुरते.

मात्र मागे पकड वाढली, की आणखी एक धोका उभा राहतो. घसरणारे चाक ही एका अर्थी सुरक्षेची झडप असते. चाक घसरेनासे झाले आणि ओझे हलेना, तर इंजिनाचा पीळ ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलतो. चढावर यंत्र मागे उलटून चालक त्याखाली सापडू शकतो. म्हणून ओझे नेहमी आसाच्या पातळीखालील आकड्यालाच जोडावे, पुढच्या बाजूस वजन द्यावे आणि क्लच हळूहळू सोडावा.

निर्णयाचा क्रम

निवड करण्यापूर्वी घसरण मोजून पाहावी. चाकावर खडूने खूण करून, ओझ्याविना दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर जातो ते मोजावे. मग ओझ्यासह पुन्हा मोजावे. पहिले अंतर १७.५ मीटर आणि दुसरे १५ मीटर आले, तर घसरण सुमारे १४ टक्के झाली. मऊ जमिनीत १० ते १५ टक्के घसरण स्वाभाविक आहे, आणि तेथे नव्या चाकांची गरज नाही. घसरण याहून अधिक असेल, तर प्रथम टायरची झीज आणि हवेचा दाब पाहावा, मग वजन वाढवावे, त्यानंतर त्याच उंचीचा रुंद टायर घ्यावा. उंच चाकाचा विचार सर्वांत शेवटी, आणि तोही जमिनीपासूनची उंची खरोखरच अपुरी पडत असेल तरच करावा.

जुने यंत्र घडवणाऱ्यांनी इंजिन, दंतचक्रे, आस, ब्रेक आणि चाक ही सर्व एकमेकांना तोलून धरतील अशी योजलेली असतात. यांतले एक बदलताना उरलेल्यांना काय सोसावे लागेल ते पाहावे. एवढी दक्षता घेतली, तर साधा टायर बदलूनही जुना ट्रॅक्टर पुढची अनेक वर्षे बागेची सेवा करू शकेल.