बचावनौकेत जागा नसलेले

ऑगस्ट २०१८ च्या केरळातील महापुरात त्रिशूरच्या एका महिलेने बचावनौकेत बसण्यास नकार दिला. घरातल्या पंचवीस कुत्र्यांना त्या नौकेत जागा नव्हती. प्राणिमित्र मदतीला आल्यावरच ती बाहेर पडली. २०२२ मध्ये युक्रेनमधील काही भारतीय विद्यार्थ्यांनी हाच पवित्रा घेतला, तेव्हा केंद्राने पाळीव प्राणी मायदेशी आणण्याचे नियम एक वेळची सवलत म्हणून शिथिल केले. या प्रसंगांची चर्चा बहुतेक भावनेच्या अंगाने झाली. प्रश्न मात्र नियोजनाचा आहे: प्राणी मागे राहतो, तेव्हा त्याच्यासाठी माणूसही मागे राहतो.

अमेरिकेने हे कतरिना चक्रीवादळानंतर ओळखले आणि २००६ मध्ये कायदा करून राज्यांच्या व शहरांच्या आपत्ती आराखड्यांत पाळीव प्राण्यांची दखल घ्यायला लावली. आपला आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. आपल्या मदतनिधीच्या निकषांत दुभती व ओढकामाची जनावरे आहेत, कोंबड्याही आहेत, कारण त्यांवर उपजीविका चालते. घरातले कुत्रे-मांजर या हिशेबात बसत नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्राण्याला उपाशी मरण्याच्या स्थितीत टाकून देणे गुन्हा ठरवतो खरा, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! ‘१९६२’ या क्रमांकावर येणारी फिरती पशुवैद्यकीय पथकेही मुख्यतः पशुपालकाच्या दारी जाण्यासाठी आखलेली; निकष एक लाख पशुधनामागे एक वाहन.

त्यामुळे पहिला तास घरच्यांच्याच हाती असतो. उष्माघात झालेल्या कुत्र्याला सावलीत नेऊन अंगावर गार, पण बर्फाचे नव्हे असे पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा. मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. माणसाचे हे साधे औषध त्याच्या जिवावर बेतते. जखमी कुत्रा वेदनेने धन्यालाही चावतो, म्हणून उचलण्यापूर्वी कापडी पट्टीने तोंड बांधावे. उलटी होत असेल वा धाप लागली असेल तर मात्र बांधू नये. पिशवीत साखळी, काही दिवसांचे खाद्य, प्राण्याचे छायाचित्र आणि रेबीज लसीकरणाचा दाखला हवा. निवारा केंद्राच्या दारावर या दाखल्याचा उपयोग सर्वांत जास्त.

अर्थात, केंद्राने दार उघडले तर. पावसाळ्यापूर्वी जिल्हा प्रशासन निवारा केंद्रांची यादी अद्ययावत करते, तेव्हा त्यात ‘प्राण्यांसह प्रवेश’ असा एक रकाना वाढवायला नव्या कायद्याची गरज नाही.