इंजिन आणि मापाची वही

मोटारींच्या शर्यतीविषयी बोलणे निघाले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वेग, धूळ आणि आवाज उभा राहतो. ते इंजिन कोणी जोडले आणि कसे जोडले, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनाचे मिस्त्री आहेत. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत; कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून जे शिकले, आणि एकदा चुकून जे शिकले, ते या लेखात सांगणार आहे.

जोरदार इंजिन मोठ्या कारखान्यातच तयार होते, ही समजूत खरी नाही. जर्मनीत हान्स वेर्नर आउफ्रेख्ट आणि एअरहार्ड मेल्खर हे दोघे तंत्रज्ञ आउफ्रेख्ट यांच्या ग्रोसआस्पाख येथील घरी मर्सिडीजचे इंजिन शर्यतीसाठी सुधारत असत. त्यातूनच पुढे 1967 साली ए.एम.जी. ही प्रसिद्ध कंपनी निघाली. आमच्या गॅरेजात अशा कामासाठी येते ती बहुधा जिप्सी. 1985 साली बाजारात आलेली ही गाडी आता बाजारात नवी मिळत नाही, पण रॅली करणाऱ्यांचे तिच्यावरचे प्रेम कमी झालेले नाही. 1996 साली तिला 1298 सी.सी.चे इंजिन मिळाले. त्यात चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास 74 मि.मी. आणि पिस्टनची, म्हणजे आपल्या शालेय पुस्तकातल्या दट्ट्याची, वरखाली धाव 75.5 मि.मी.

इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे नेमके काय करायचे? एकाच वेळात जास्त हवा आणि पेट्रोल आत घ्यायचे, ते जास्त दाबायचे आणि इंजिन जास्त वेगाने फिरवायचे. त्यासाठी व्हॉल्व्ह अधिक उघडणारा कॅमशाफ्ट बसवतात, दाब वाढावा म्हणून हेड थोडे घासतात. पण याची किंमत प्रत्येक भागाला मोजावी लागते. मिनिटाला 7000 फेऱ्या होतात तेव्हा प्रत्येक पिस्टन सेकंदाला सुमारे 116 वेळा वर जाऊन थांबतो आणि परत फिरतो. फेऱ्या 5000 वरून 7000 वर नेल्या, तर कनेक्टिंग रॉडवर येणारी पिस्टनची ओढ दीडपट नव्हे, जवळजवळ दुप्पट होते. कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. साध्या इंजिनात जी लहानशी चूक वर्षानुवर्षे खपून जाते, ती येथे खपत नाही. म्हणूनच जोडणीची खरी विद्या पाना फिरवण्यात नसून मोजण्यात आहे.

पहिले काम स्वच्छतेचे. सिलिंडर होन करून आला की त्याच्या भिंतीवर तिरप्या बारीक रेघांची जाळी असते. या रेघांत तेल टिकते, पण घासकामाची बारीक पूडही अडकते. ब्लॉक गरम पाण्याने, साबणाने आणि ब्रशने धुतात. मग पांढरे फडके तेलात बुडवून आतून फिरवतात. फडके काळे निघाले, तर पुन्हा धुवायचे. पांढरेच निघेपर्यंत दुसरे काम नाही.

दुसरे काम वजनाचे. चारही पिस्टनांची वजने एकमेकांशी जुळली पाहिजेत. एका ग्रॅमचा फरकही काढून टाकतात. आमच्याकडचा वजनकाटा गुजरीतल्या सोनारांकडे असतो तसलाच आहे.

तिसरे काम फटींचे. क्रँक आणि त्याची बेअरिंगे यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राहील एवढी फट लागते. ढोबळ हिशेब असा की, क्रँकचा दांडा 45 मि.मी. जाड असेल तर फट त्याच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे 0.045 मि.मी. आपला केस साधारणपणे याहून जाड असतो. फट कमी झाली तर तेल शिरत नाही. जास्त झाली तर तेलाचा दाब राहत नाही.

चौथी गोष्ट बोल्टची. आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा दोन भाग धरून ठेवतो. तो किती ताणला हे हाताला कळत नाही, म्हणून टॉर्क पाना वापरतात. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, आणि टप्प्याटप्प्याने आवळतात.

पाचवी तपासणी मला सर्वांत आवडते. कॅम बदलला की उघडलेला व्हॉल्व्ह पिस्टनला भिडण्याचा धोका असतो. तेव्हा लहान मुलांची खेळण्याची रंगीत माती पिस्टनच्या डोक्यावर थापतात, हेड बसवतात, इंजिन हाताने दोन फेरे फिरवतात आणि हेड पुन्हा काढतात. मातीत व्हॉल्व्हचा ठसा उमटलेला असतो. तेथे सुरीने काप देऊन उरलेल्या मातीची जाडी मोजतात. ती दोन-अडीच मि.मी. तरी हवी.

ही सर्व मापे आमच्याकडे एका दोनशे पानी वहीत लिहिली जातात. माझे अक्षर बरे, म्हणून आठवीपासून ती वही माझ्याकडे आहे. आप्पा मोजतात, आकडा मोठ्याने सांगतात, मी लिहिते. पुढे काही मापे ते मलाच घेऊ देऊ लागले.

आता माझ्या चुकीविषयी. पिस्टनच्या रिंगेला एका ठिकाणी काप असतो. सिलिंडरमध्ये रिंग बसली की त्या दोन टोकांत थोडी फट राहिली पाहिजे. 74 मि.मी. व्यासाच्या रिंगेचा परीघ सुमारे 232 मि.मी. भरतो. ती सिलिंडरपेक्षा 100 अंशांनी अधिक तापली, तर सुमारे पाव मिलिमीटर लांबते. तेवढी जागा नसेल तर टोके एकमेकांवर आदळतात आणि रिंग सिलिंडरची भिंत ओरबाडते. म्हणून प्रत्येक रिंग तिच्या सिलिंडरमध्ये बसवून, फिलर गेजने फट पाहून, कानशीने टोक घासायचे असते. आम्हाला 0.35 मि.मी. हवी होती.

मी अकरावीत होते. तीन सिलिंडरांच्या रिंगा मी घासून मोजल्या. चौथ्याच्या वेळी मैत्रिणी दारात येऊन थांबल्या होत्या. रिंगा एकाच पाकिटातल्या, मग फरक तो काय असणार, असे म्हणून मी न घासता, न मोजता वहीत 0.35 लिहिले आणि निघून गेले. आप्पांनी वही पाहिली आणि इंजिन जोडले. आठवड्याने पन्हाळ्याच्या चढावर ते जाम झाले. उघडले तेव्हा चौथ्या पिस्टनची वरची रिंग तुटलेली होती आणि तिची टोके एकमेकांवर घासून आरशासारखी चकचकीत झाली होती. सिलिंडरवर नखाला लागेल एवढा ओरखडा होता.

आप्पांनी मजुरी परत केली आणि नवा पिस्टन व रिबोअर यांचा खर्च सोसला. त्या वर्षी दिवाळीत घरात नवे कपडे आले नाहीत. ते मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "वहीत आकडा हुता पोरी, म्हणून मी पुन्हा बघितलं न्हाई."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. स्वतःच्या बोटांना कळलेल्या मापावरही आप्पा दुसऱ्यांदा मोजल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत; पण शिकलेल्या मुलीने लिहिले म्हणून त्यांनी तो आकडा खरा मानला. आपण लेखी शब्दांत वावरणारी माणसे. ट्यूटोरियलमध्ये न वाचलेल्या पुस्तकाचे नाव लिहिताना, प्रात्यक्षिकाच्या वहीत शेजाऱ्याचा आकडा उतरवताना आपल्याला फारसे काही वाटत नाही. पण लिहिलेले कोणीतरी खरे मानून चालतो, आणि चढ त्याच्या वाट्याला येतो.

ए.एम.जी.च्या आफाल्टरबाख येथील कारखान्यात अनेक इंजिने आरंभापासून शेवटपर्यंत एकच माणूस जोडतो आणि त्याच्या सहीची पट्टी इंजिनावर बसवली जाते. आमच्या गॅरेजात तशी पट्टी नाही. परंतु त्या दिवसापासून वहीतल्या प्रत्येक आकड्यापुढे मोजणाऱ्याचे नाव लिहिण्याची पद्धत आम्ही सुरू केली आहे. आप्पांचे नाव मी लिहिते, आणि माझे नाव लिहिण्यापूर्वी फिलर गेज पुन्हा एकदा फटीतून फिरवते.